कुस्नानची लिंक काढायची की नाही

(जावामधलं सोलो शहर. अंगणात टांगलेले पर्कुतुत कवड्यांचे पिंजरे. खाली विरातमो आणि त्यांची पुतणी लारस. ती त्यांना पाकदे, म्हणजे मोठे काका, म्हणते. इतरांच्या नावाआधी मानाने पुरुषांना 'पाक', बायकांना 'बू' लावतात. मध्ये लॅपटॉप, त्यावर विरातमोंची कवड्यांची साइट.)

लारस : तिथे पक्षी नाहीतच, पाकदे. जुगार आहे.

विरातमो : जुगार कसा असेल? कुस्नानची साइट आहे ती. मी स्वतः पाहिली. कवड्यांच्या खाण्याचं नवं मिश्रण दिलंय. चेरी, लिंबू, घंटा.

लारस : कवडे घंटा खातात?

विरातमो : मला जरा जडच वाटली. पण हल्ली लोक काहीही खायला घालतात.

लारस : पाक कुस्नानांच्या साइटच्या नावाची मुदत संपली, ते जुगारवाल्यांनी उचललं. आणि आपल्या 'स्नेही' पानावर त्यांच्या लिंकखाली तुम्ही लिहून ठेवलंय, 'सज्जन माणूस. सहकुटुंब जावे.'

विरातमो : मग काय खोटं आहे त्यात?

लारस : मशिदीचे खजिनदार सहकुटुंब गेले. सकाळी आईला विचारत होते, तीन चेरी ओळीत आल्या तरी कवडा घुमत का नाही. कवडा मंडळाच्या अध्यक्षीणबाईंचा निरोप आहे, संध्याकाळपर्यंत लिंक काढा, नाहीतर घुमण्याच्या स्पर्धेत तुमचे पिंजरे टांगू देणार नाही. एकट्या बू तिन्तिन म्हणतात, राहू द्या. त्या तिथे जिंकल्यात.

विरातमो : काढता येणार नाही.

लारस : एक बटण दाबायचं असतं.

विरातमो : ती लिंक द्यायची म्हणून मी त्याच्या घरी गेलो होतो. बाटिकचा शर्ट, केळ्यांचा घड. पहिल्या खेपेला विषयच काढला नाही. दुसऱ्या खेपेला त्याने काढला, मी टाळला. तिसऱ्या खेपेला दोघांनी टाळला, तेव्हा ठरलं. आणि आता न विचारता काढू? माणूस टपरीवरून उठतानासुद्धा 'येतो' म्हणतो.

लारस : मग जाऊन सांगा. तीन गल्ल्यांवर तर राहतात.

विरातमो : काय सांगू? कुस्नान, तुझ्या घरात जुगारी शिरलेत? तोंडावर?

लारस : हो.

विरातमो : तुला फार दिवस जकार्तात ठेवली, ही तुझ्या बापाची चूक.

लारस : खरं सांगा ना, तुमचं बोलणं बंद आहे.

विरातमो : बंद नाही. गेल्या वर्षी तो यायचा थांबला, मग मीही गेलो नाही. भांडण असतं तर मिटवलं असतं. भांडणच नाही तर मिटवू काय? ही लिंक तेवढी उरलीय. ती गेलेली दिसली की तो समजेल, संपलं.

लारस : त्यांच्या त्या जिंकणाऱ्या कवड्याचं नाव काय होतं?

विरातमो : मंद वादळ. का?

लारस : शोधून बघते. हे बघा, सापडलं. त्यांनी दुसरी साइट केलीय. फुकटच्या जागेवर.

विरातमो : मला न सांगता घर बदललं?

लारस : इथेही 'स्नेही' पान आहे. पहिलं नाव तुमचं.

विरातमो : दाब.

लारस : 'पान सापडले नाही.'

विरातमो : बघ. मोडकी लिंक ठेवलीय माझी. जरा म्हणून देखभाल नाही.

लारस : लिंक त्यांनी नाही मोडली. गेल्या वर्षी आपल्या साइटचं नाव तुम्ही बदललंत.

विरातमो : जुन्या नावात एक अक्षर अशुभ होतं.

लारस : पाक कुस्नानांना कळवलंत?

विरातमो : तो मुद्दा वेगळा.

लारस : म्हणजे 'येतो' न म्हणता आधी कोण उठलं?

विरातमो : खाली काहीतरी लिहिलंय त्याने. चष्मा नाही माझ्याकडे.

लारस : नाकावर आहे.

विरातमो : तू वाच.

लारस : 'विरातमो. आमच्यात सर्वांत चांगला कान याचा. सध्या दार वाजवलं तर कुणी उघडत नाही. मी रोज सकाळी वाजवतो.'

विरातमो : रोज?

लारस : असंच लिहिलंय. हे बघा, जुगाराची लिंक काढते आणि तिथे त्यांचा हा नवा पत्ता घालते. आपलं जुनं नाव अजून आपल्याच ताब्यात आहे. तिथे आलेला माणूस थेट नव्या नावावर पोचेल, अशी सोय करते. म्हणजे त्यांना काही सांगायलाही नको, विचारायलाही नको.

विरातमो : जकार्तात हे बरं शिकवलं.

लारस : झालं. त्यांच्या पानावरून गेलं की आता आपलं उघडतंय. फक्त ते दाराचं वाक्य खोटं ठरलं. पुसायला कळवू त्यांना?

विरातमो : नको. अजून एकदा वाच.