सहा तासांचा भोंगा

मी क्रांती जोतीराम शेडगे, वय २७, धंदा : घरून कॉम्प्युटरचे काम, रा. कडेगाव तालुका, जि. सांगली. आज गुरुवारी कोणी न बोलावता स्वतः ठाण्यात येऊन सांगते की,

आमच्या गावच्या पाणीवापर संस्थेच्या कालव्याचे दार दर सहा तासांनी टायमरवर आपोआप उघडते. त्याआधी पंधरा मिनिटे भोंगा वाजला पाहिजे. भोंग्याची शेल स्क्रिप्ट, म्हणजे भोंगा वाजवणारा छोटा कॉम्प्युटर प्रोग्रॅम, मी लिहिली. फुकट लिहिली, आणि मिरवलीसुद्धा. ती सोमवारी पहाटे पावणेसहाला सुरू केली.

स्क्रिप्टमध्ये असे होते : एक मिनिट भोंगा, एक मिनिट सभासदांना मेसेज, मग सहा तास थांबणे. सहा तास मी ठरल्या वेळेपासून मोजायला हवे होते. मी ते काम संपल्यापासून मोजले. त्यामुळे प्रत्येक फेरीला भोंगा दोन मिनिटे मागे पडत गेला. हे पहिल्या वर्षाच्या पोरांनाही कळते. मी तपासले नाही.

कालव्यावरचे राखणदार बाळासो यादव, वय ५८, माजी सैनिक. दार उघडण्याआधी कालव्याकडेने चालत जाऊन माणसे, जनावरे बाहेर काढणे हे त्यांचे काम. मंगळवारी दुपारी ते घरी आले. म्हणाले, "पोरी, भोंगा धा मिंटं मागं वाजतोय बघ." मी लॅपटॉपवरून मान वर केली नाही. मी म्हणाले, "तात्या, कॉम्प्युटर चुकत न्हाई. तुमचं घड्याळ पुढं पळतंय." ते म्हणाले, "व्हय? मग लावून घेतो." माझ्यासमोर त्यांनी घड्याळ दहा मिनिटे मागे केले. शिकलेली पोर सांगते म्हणून.

काल बुधवारी ते त्या घड्याळाप्रमाणे पावणेबाराला निघाले. खरे अकरा पंचावन्न झाले होते. बाराला दार उघडले. भोंगा बारा वाजून तीन मिनिटांनी वाजला. कवठे महांकाळकडच्या हरणाबाई धुळा कोळेकर मेंढरांना पाणी पाजायला कालव्यात उतरल्या होत्या. अकरा मेंढरे वाहून मेली. हरणाबाईंचा पाय दोन ठिकाणी मोडला आहे. त्या दवाखान्यात आहेत.

तात्या उशिरा पोहोचले म्हणून त्यांना कालपासून इथे बसवून ठेवले आहे. त्यांनी माझे नाव घेतले नाही. मघाशी मी विचारले, का नाही घेतले? ते म्हणाले, "घड्याळ म्या फिरवलं. हात माजा हुता." मला त्यांचा राग आला. स्वतःचा त्याहून जास्त आला. रात्रभर डोळा लागलेला नाही, आताही या खुर्चीवर बसवत नाही.

हवालदार साहेब, आपण "तांत्रिक बिघाड" असे लिहू का म्हणून विचारलेत. तसे लिहू नये. बिघाड काहीच नव्हता. मी सांगितले, तेच यंत्राने केले. तात्यांनीही तेच केले.

वरील मजकूर मला मोठ्याने वाचून दाखवला. तो माझ्या सांगण्याप्रमाणे खरा आहे. खाली सही करते.

सही/-
क्रांती जो. शेडगे