हात लावू नये

मास्तर चार्जर दुरुस्तीला घेऊन आले, तेव्हा त्यांच्या पुढे एकच गिऱ्हाईक होतं. बिघडलेला लॅपटॉप मांडीवर घेऊन बसलेल्या एक आजी. दुरुस्तीवाल्याच्या हातात त्यांनी दिलेली विंडोजची सीडी होती.

"आजी, ही घालू कुठे? तुमच्या लॅपटॉपला सीडीची खाचच नाही."

"असं कसं? पाकिटावर ह्यांनी लिहिलंय बघा. 'महत्त्वाचे. हात लावू नये.' दहा वर्षं मी नुसती वरची धूळ पुसतेय."

"आधीच्या लॅपटॉपची असणार ही. काका काय म्हणतात?"

"ते असते तर मला लॅपटॉप उचलू दिला असता होय?"

"...बरं. पेन ड्राइव्हवरून विंडोज नव्यानं घालतो. पण आतलं सगळं पुसलं जाईल."

"अहो, त्यांचे फोटो आहेत त्यात!"

"ते आधी बाजूला काढतो. एकही जाणार नाही, माझ्यावर सोडा."

मधल्या वेळात मास्तरांचा चार्जर दुरुस्त झाला, तरी त्यांचा पाय निघेना.

"झालं, आजी. आता नाव विचारतोय हा. काकांचंच टाकू?"

"त्यांचंच टाका. नाही, थांबा. माझं टाका."

"नक्की?"

"हो तर! सारखे म्हणायचे, तू हात लावलास की बिघडतं. आता बिघडलं तर माझंच बिघडेल."

"आणि ही सीडी? काही कामाची नाही आता. टाकून देऊ?"

"खबरदार तिला हात लावाल तर!"