राजे विहिरीपाशीच

कासिल्दा : बाबा, उद्या तीन राजांचा सण, आणि नाताळच्या देखाव्यातले हे तिघं अजून विहिरीपाशीच?

बाबा : उंट थकलेत.

कासिल्दा : थट्टा नको. नाताळला मी आले होते तेव्हा पूल ओलांडून पुढे आले होते. मी पाहिलंय.

बाबा : पाहिलं असशील.

कासिल्दा : मग मागे कसे गेले?

बाबा : बुर्गोसची थंडी आहे ही. तूसुद्धा मागे फिरली असतीस.

कासिल्दा : आई रोज सकाळी कॉफीआधी त्यांना बोटभर पुढे सरकवायची. सणाच्या दिवशी बरोबर बाळ येशूच्या गव्हाणीपाशी पोचायचे. हे आठवतंय ना तुम्हाला?

बाबा : हे बघ बये, म्हाताऱ्याचं डोकं ठिकाणावर आहे का, हे चाचपून बघायचं असेल तर सरळ विचार.

कासिल्दा : फेर्मिन म्हणतो, फोनवर तुम्ही तेच तेच दोनदा सांगता.

बाबा : तुझा भाऊ एकदा सांगितलेलं ऐकतो कुठं?

कासिल्दा : बाबा.

बाबा : सरकवतो मी. रोज सकाळी, बोटभर, तिच्यासारखंच. आणि नाताळ सरल्यापासून संध्याकाळी दिवा लावला की दोन बोटं मागे घेतो.

कासिल्दा : तुम्ही? का?

बाबा : तुझ्या आईला माती देऊन आलो त्या दिवशी स्वयंपाकघरात तुम्ही दोघांनी मला गाठलंत. तेव्हा मी काय कबूल केलं?

कासिल्दा : राजे आले की वृद्धाश्रमात जाईन म्हणालात.

बाबा : मग? आलेत का?

(कासिल्दा सणाच्या गोड पावाचं खोकं टेबलावर ठेवते. दोरी सोडत नाही.)

कासिल्दा : परवा फेर्मिन गाडी घेऊन येतोय. खोली ठरली आहे. माझ्याकडे तर तीन जिने, लिफ्ट नाही, आणि दिवसभर मी...

बाबा : मी विचारलं का तुला?

कासिल्दा : नाही.

बाबा : शब्द दिलाय, फिरवणार नाही. पण मीच त्यांना नेऊन गव्हाणीपाशी उभं करायचं, ते नाही जमत. हा तिसरा राजा, बाल्तासार, बघ. तुझ्या आईच्या अंगठ्यानं झग्याचा रंग उडालाय. तिथंच धरायला लागतं.

कासिल्दा : मी ठेवू?

बाबा : तूच ठेव. पण उद्या.

कासिल्दा : हो. आज नको.

बाबा : तिकडे मांडतात का गं देखावा?

कासिल्दा : मांडतात. खालच्या हॉलमध्ये, मोठा आहे. शेवाळ खरं, नदीत पाणीसुद्धा सोडतात. डिसेंबर लागला तेव्हा खोली बघायला गेले होते, तेव्हाच मांडलेला होता.

बाबा : आणि राजे? कुठवर आले होते?

कासिल्दा : गव्हाणीपाशी.

बाबा : डिसेंबर लागतानाच?

कासिल्दा : हो, बाबा. सगळे पोचलेलेच होते.