सगळ्यांना कळेल असा प्रश्न

तुम्ही म्हणता ना, मी हल्ली साधं काही विचारतानाही चाचरते? त्याचं कारण एरंडोलजवळच्या एक अक्का.

कॅन्सरमधून बऱ्या झालेल्यांसाठी आम्ही प्रश्नावली तयार करत होतो. तिच्यात ‘कर्करोग’ होतं. मीच हट्ट धरला की खेड्यात कळायला हवं, सरळ ‘कॅन्सर’ लिहा. मग ती लोकांना कळते का, हे बघायला अक्कांकडे गेले. पाळणाघर बंद होतं, म्हणून लेकही सोबत. अक्कांनी तिला लगेच मांडीवर घेतलं.

त्यांचा मुलगा त्यांच्या मागे उभा राहून मला हातवारे करत होता. मला वाटलं, चहा घेणार का विचारतोय. मी ‘हो’ म्हणून मान डोलावली आणि वाचलं, "कॅन्सरचे उपचार संपल्यापासून तब्येत कशी आहे?"

लेकीच्या केसांतून फिरणारा अक्कांचा हात थांबला.

"का रे, माले कॅन्सर व्हता? तू त साधी गाठ शे, असं सांगेल व्हतं."

आता मला मुलाचे हातवारे कळले. सगळ्या घराने अक्कांपासून लपवलं होतं.

"अक्का, आपण थांबू या," मी म्हटलं.

"नही. पुढलं वाच, पोरी."

पुढचा प्रश्न बदलून वाचावा, इतकंही मला सुचलं नाही. मी आपलं वाचलं, "आजार परत येईल अशी भीती वाटते का? कधीच नाही, कधी कधी, की कायम?"

अक्कांचा हात पुन्हा लेकीच्या केसांतून फिरू लागला.

"आजपावत कधीच नही," त्या म्हणाल्या. "आते लिख, कायम."