ठणठणीत मशीन

गेमची मशीन दुरुस्त करणाऱ्या दुकानात माझ्यापुढे एक काकू उभ्या होत्या.

"दादा, मशीन बिघडलंय का बघा. मासेमारीचा गेम उघडतच नाही."

"मशीन ठणठणीत आहे, काकू. कंपनीनं तो गेम यादीतून काढलाय."

"असा कसा काढला? दर महिन्याला वर्गणी भरतो आम्ही."

"ते भाडं झालं. मालकाच्या मनात आलं की सामान बाहेर. पण आणखी चारशे गेम आहेत की!"

"चारशे घेऊन काय करू? अर्धांगवायू झाल्यापासून ह्यांचा हात हलतो तो फक्त तो गळ टाकायला. दुसरं काही लावलं की भिंतीकडे तोंड करून पडतात."

"डिस्क असती तर चालला असता. आता कुठे मिळायची नाही."

"होती आमच्याकडे."

"मग घाला की ती!"

"वर्गणी सुरू करून दिलीत तेव्हा तुम्हीच म्हणालात, आता डिस्कांची अडगळ कशाला. सगळ्या तुमच्याकडेच दिल्या."

"...त्या केव्हाच विकल्या गेल्या, काकू."

"बरं. मग एवढं करा, मशीन इथेच ठेवून घ्या. बिघडलंय असंच सांगते ह्यांना. दुरुस्त होऊन येईल म्हणून वाट तरी बघतील."