माया किती सोडायची

डॉक्टर : ...आणि सोनोग्राफीत हे नळीचं टोक बघा, काका. इथं अस्तर पातळ धरलंय.

शिंपी : किती पातळ?

डॉक्टर : टाका टिकणार नाही इतकं. पोटात ही नळी ठेवली तेव्हा सांगितलं होतं ना, शरीर तिच्याभोवती आपलं कातडं धरतं. मग नळी टाकून द्यायची आणि वरच्या वेष्टणाचा नवा मूत्रमार्ग करायचा. बाकी सगळीकडे छान धरलंय. एवढ्याच टोकावर काही दाबलं जात होतं का?

शिंपी : नाही बुवा.

बायको : बेतायचं टेबल.

शिंपी : अगं...

बायको : त्यांच्यापासून काय लपवायचं? दोन महिने आराम सांगितलेला, हे दहाव्या दिवशी दुकानात. टेबलाच्या कडेला पोट टेकल्याशिवाय यांना कापड बेतताच येत नाही. चाळीस वर्षांची खोड.

शिंपी : हात पोचत नाही, त्याला मी काय करू.

डॉक्टर : असू दे. सात सेंटीमीटर लागतं, तेवढं चांगलं निघेल. उद्या सकाळी ऑपरेशनला घेऊ.

बायको : घ्या. उद्याच घ्या.

शिंपी : सात लागतं आणि सातच आहे. मग माया?

डॉक्टर : कसली माया?

बायको : शिवणीत जास्तीचं कापड आत दुमडून ठेवतात ते. बाहेरून दिसत नाही. कपडा आटला, अंग भरलं, की उसवून तेवढं सोडायचं.

डॉक्टर : अच्छा. नाही, ती नाही उरत.

शिंपी : मागं दोन्ही वेळा तुम्ही गालाच्या आतलं कातडं लावलंत. अगदी मापात. दोन्ही वेळा आटलं.

डॉक्टर : आटलं. खरं आहे.

शिंपी : आता गालात घ्यायला काही राहिलं नाही. हेही आटलं तर?

डॉक्टर : तर लघवीची पिशवी कायमची.

शिंपी : आणि थांबलो तर?

डॉक्टर : नळी आणखी दोन महिने आत ठेवायची. टेबल बंद. ते टोक बहुतेक जाड होईल, दीडेक सेंटीमीटर जास्त मिळेल. हमी देत नाही.

बायको : दोन महिने.

शिंपी : ऐक जरा...

बायको : तीन वर्षं ऐकतेय. पिशवी रिकामी करा, धुवा, चादर बदला. उद्या संपणार म्हणून मी नव्या पिशव्याही आणल्या नाहीत. आता लावलीय ती शेवटची. तुम्ही घाबरलात, म्हणून माया आठवली.

शिंपी : घाबरलोय. मागं दोन्ही वेळा घाबरलो नव्हतो, काय झालं ते बघितलंस.

डॉक्टर : तुम्ही दोघं बोला. मी बाहेर आहे.

(डॉक्टर जातात. शिंपी शर्टाची बटणं लावतो, एक चुकतं, पुन्हा लावतो.)

शिंपी : तू म्हणशील तसं. उद्या म्हणालीस तर उद्या.

बायको : माझ्यावर ढकलू नका.

शिंपी : ढकलत नाही. दुखणं माझं, पण करतेस तू सगळं. तुझ्यात त्राण नसेल तर मला नाही ताणायचं.

बायको : नाहीच आहे. कालच संपलं.

शिंपी : मग उद्या. सांगतो त्यांना.

बायको : बसा खाली. आत कुठं दुमडून राहिलेली असेल थोडी. बघते उसवून. जाताना पिशव्या घ्यायच्यात, आठवण करा.