पेट्रोलपंपाच्या पलीकडचा मुलूख

आदरणीय अध्यक्षबाई, व्यासपीठावर दाटीवाटीने बसलेले मंडळाचे आजी-माजी पदाधिकारी, माझ्याविषयी आत्ताच इतकं चांगलं बोलून मला अडचणीत टाकणारे डॉक्टरसाहेब, समोर जमलेल्या वहिन्या, दादा, काका, मावश्या, आणि हे भाषण कधी संपतंय याकडे डोळे लावून बसलेली बच्चेकंपनी, सगळ्यांना मनापासून नमस्कार.

आपल्या चिटणीसांचा मला फोन आला होता. म्हणाले, "ताई, निरोप समारंभ ठेवतोय खरा, पण लोकांना काय सांगू? कायमच्या मायदेशी चाललात का?" म्हटलं, नाही. "मग दुसऱ्या देशात?" तेही नाही. मग मी जागा सांगितली. आणि मग अगदी हळू आवाजात, "ताई, घरी सगळं ठीक आहे ना?"

त्यांचं काही चुकलं नाही. आम्ही चाललोय तो मुलूख तुम्ही सगळ्यांनी पाहिलाय, पण गाडीच्या काचेतून. समुद्राकडे जाताना लागतो. आपण पेट्रोल भरतो, पोरांना बाथरूमला नेतो आणि पुढे निघतो. डोंगर नाही, दरी नाही, पोळपाटासारखी सपाट जमीन. शेतं, पाण्याचे चर, चरांच्या काठाने माणसाच्या उंचीचं गवत आणि बंद पडलेल्या कारखान्याची एक चिमणी. फोटो काढावा असं तिथे काही नाही.

मलाही तेच वाटायचं. माझं काम तुम्हाला माहीत आहे, कान तपासायचे आणि ऐकू येण्याची यंत्रं बसवायची. आमच्या रुग्णालयाची एक तपासणीची गाडी आठवड्यातून एकदा त्या भागात जायची. तो फेरा कुणालाच नको होता. नव्या सुनेच्या आणि नव्या नोकराच्या वाट्याला काय येतं, ते मी या सभागृहात सांगायला नको! दर मंगळवारी गाडी मीच चालवायची. काचा बंद, हीटर चालू, काम उरकलं की घर गाठायचं. वर्षभर असंच चाललं.

मग माझे सासरे गेले आणि आई, म्हणजे माझ्या सासूबाई, आमच्याकडे आल्या. आमचं घर आठव्या मजल्यावर. ज्या बाईने जन्मभर उंबऱ्यात बसून येणाऱ्या-जाणाऱ्याची चौकशी केली, तिच्या वाट्याला लिफ्ट आली. तिथे तर कुणी नजरही वर करत नाही. आधी त्या "बरं आहे" म्हणायच्या. नंतर तेही म्हणेनात. जेवण चिमणीएवढं झालं. एक दिवस बॅग भरून बसल्या. "मला परत सोडा."

यांनी समजावलं, "आई, तिथे कोण आहे आता तुझं?"

"कुणी नसू दे. दार उघडल्यावर पायाला जमीन तरी लागेल."

हे चिडले आणि शेवटी त्यांनी तिकीट काढलं. एकटीने राहण्यासारखी त्यांची तब्येत नव्हती. आम्हाला ते ठाऊक होतं आणि त्यांनाही. जेवताना फक्त चमचे वाजायचे.

त्याच सुमारास हे कामासाठी परगावी गेले. आईंना एकटं कसं ठेवायचं? मंगळवारी त्यांना गाडीत पुढच्या सीटवर बसवलं आणि निघाले.

त्या दिवशी एक बाई आल्या. रेल्वेच्या फाटकावर नोकरी करून निवृत्त झालेल्या, उंच, हाडापेराने मजबूत. बरीच वर्षं त्यांना जवळजवळ काही ऐकू येत नव्हतं. मी यंत्र बसवलं आणि नेहमीचं विचारलं, "माझा आवाज येतोय का?" त्यांनी हात वर करून मलाच गप्प केलं! उठल्या आणि थेट बाहेर चालू लागल्या. मी मागे. त्या चराच्या काठाशी जाऊन उभ्या राहिल्या. वारा आला, गवत हललं. त्या वळून म्हणाल्या, "हे अजून वाजतं?"

मंडळी, मी वर्षभर तिथे जात होते, पण ते मी त्यांच्यासोबतच पहिल्यांदा ऐकलं. फार बारीक सळसळ. लांबून यायची, आपल्या पायाशी पोचायची आणि कुणी निरोप पुढे द्यावा तशी पुढे निघून जायची. किती वेळ उभी होते कोण जाणे. गाडीतले पेशंट खोळंबले.

एव्हाना आई खाली उतरल्या होत्या. "काय म्हणतेय गं ती?" मी सांगितलं. आईंनी सरळ त्या बाईंचा दंड धरला आणि खणखणीत मराठीत म्हणाल्या, "वाजतंय हो बाई, मलाही ऐकू येतंय." त्या बाईंनी त्यांच्या भाषेत काहीतरी उत्तर दिलं. मी भाषांतर करायला तोंड उघडलं, तर आई म्हणाल्या, "तू तुझे पेशंट बघ. आमचं आम्ही बघतो."

काम संपवून पाहते तर दोघी गायब! ना भाषा येते, ना फोन जवळ. ह्यांना काय तोंड दाखवू? पेट्रोलपंप, औषधाचं दुकान, सगळं पालथं घातलं. अखेर लांबवर फाटकाजवळच्या खोलीच्या पायरीवर दोघी दिसल्या. आईंची पावलं चिखलाने माखलेली, हातात पावाचा तुकडा, आणि त्या हसत होत्या. इथे आल्यापासून मी त्यांचे दात पाहिले नव्हते. मला बघून म्हणाल्या, "अगं, इथे आभाळ जमिनीला टेकतं. आपल्या घरी नुसतं आभाळच आहे."

मी रागवायचं ठरवून गेले होते. त्यांच्या शेजारी पायरीवर बसले.

पुढच्या मंगळवारी माझ्याआधी आई तयार. मग दर मंगळवारी. तिकिटाचा दिवस जवळ आला तसं यांनी भीतभीत विचारलं, "आई, बॅग भरायची ना?" त्यावर आई म्हणाल्या, "अरे पण मंगळवारचं तिकीट काढलंस कशाला? मंगळवारी आमचा फेरा असतो."

ते तिकीट रद्द झालं, आणि मी त्या भागात काचा खाली करून गाडी चालवू लागले. गुडघाभर धुक्यात गाई पोहत असल्यासारख्या दिसतात, हे तेव्हा कळलं. नांगरटीमागे पांढऱ्या पक्ष्यांची रांग चालते. औषधाच्या दुकानदाराने दाराबाहेर खुर्ची ठेवलीय, कुणीही बसावं. अनोळखी माणूस आधी हात करतो. प्रेम म्हणतात ते हेच असावं. मंगळवारची वाट सोमवारी सकाळपासून पाहायची!

आणि मग रुग्णालयाने तो फेरा बंद करायचं ठरवलं. पेशंट कमी. मी साहेबांकडे गेले. म्हटलं, गाडी नको, मला तिथेच एक खोली द्या. ते म्हणाले, "तिथे गेलात तर बढती विसरा." म्हटलं, विसरले. वर्षभर त्यांच्या दारात चपला झिजवल्या, तेव्हा कुठे मंजुरी आली.

आता उरले आमचे हे. "तिथे आहे काय?" हा त्यांचा एकच प्रश्न. मी उत्तराची जुळवाजुळव करतेय, तोवर स्वयंपाकघरातून आईंचा आवाज, "आपण नाही आहोत. तेवढंच कमी आहे." ह्यांनी दोन घास गिळले आणि विचारलं, "घराचं भाडं कसं असतं तिकडे?" मी ओळखलं, जमलं!

तर शनिवारी आम्ही निघतोय. बैठं घर आहे, दार उघडलं की जमीन. पुढच्या रांगेत आईंशेजारी तपकिरी कोट घातलेल्या ज्या बाई बसल्यात, त्याच त्या फाटकवाल्या बाई. आमच्या होणाऱ्या शेजारीण. सुरुवातीपासून आई त्यांना माझं भाषण समजावून सांगताहेत, मराठीतच. आणि त्या मान डोलावताहेत. त्यावरून भाषण बरं चाललंय असं मी धरून चालते.

या शहराने मला नोकरी दिली, आणि तुम्ही मला बोलायला माणसं दिलीत. आजारपणात डबे आणलेत, सासरे गेल्याचं कळलं तेव्हा आमच्याजवळ रात्रभर बसलात. त्याचे आभार मानले तर तुम्हीच रागवाल, म्हणून मनातच ठेवते. आजचा हा घाट घालणाऱ्या, खुर्च्या लावणाऱ्या आणि नंतर त्या उचलणाऱ्या हातांचे मात्र आभार मानते. बोलण्याच्या भरात उंच इमारतींना किंवा त्यात सुखाने राहणाऱ्या कुणाला काही लागलं असेल, कुणाचा उल्लेख राहिला असेल, वेळ जास्त घेतला असेल, तर घरच्या माणसाचं म्हणून पोटात घाला.

आपल्यात निघताना 'जाते' म्हणत नाहीत, 'येते' म्हणतात. आज मी तेही म्हणणार नाही. समुद्राकडे जाताना टाकी भरून झाली की गाडी डावीकडे वळवा.

या.